परमिट परत करायचं राहिलं

बसा, सांगतो. त्या दुपारी मी वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये एका साध्या कामासाठी गेलो होतो. तीन दहाला लाईनवर दोष आला होता आणि तो कुठे आला हे मला शोधायचं होतं. माझं कामच ते. रेकॉर्डरमधून प्रवाहाचा आलेख काढायचा, आकडेमोड करायची आणि दोष किती किलोमीटरवर आहे ते सांगायचं.

उत्तर सहा किलोमीटर आलं. तो टॉवर मला ठाऊक होता, आणि ती वेळही. अकरा दिवसांपूर्वी आमचा फिटर तिथेच, तीन दहालाच, शॉक लागून मेला होता.

लाईनवर काम करायचं तर आमच्याकडे परमिट, म्हणजे लाईन बंद ठेवल्याचा लेखी परवाना, घ्यावं लागतं; ती वहीही माझ्याच ताब्यात. ज्याने घेतलं त्यानेच येऊन सही करून ते परत द्यायचं, त्याशिवाय लाईन चालू करायची नाही. बाकीचे गाडीने परतायचे. हा मात्र एकेक टॉवर न्याहाळत पायी यायचा, दीड तास लावायचा. सगळे त्याला ‘पायपीट मास्तर’ म्हणून चिडवायचे. त्या दिवशी लाईन चालू करा म्हणून वरिष्ठांचे फोनवर फोन येत होते. गाडीवाल्याने कळवलं, "माणसं उतरली." मी दीड तास वाचवला. त्याच्या नावाची सही मीच ठोकली आणि लाईन चालू करायला सांगितलं.

उतरले होते ते त्याचे मदतनीस. तो वरच होता.

चौकशीत कागद बोलला. परमिट परत करून हा पुन्हा चढला, स्वतःच्या चुकीने मेला, असा शेरा पडला. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. त्याची बायको त्या शेऱ्याविरुद्ध एकटी कचेरीच्या पायऱ्या झिजवत होती.

"साहेब, परत आला," ऑपरेटर म्हणाला. तीन पंचवीस झाले होते. लाईन सुटली, म्हणजे दोषामुळे बंद पडली, आणि क्षणात आपोआप जोडली गेली. मी गणित केलं तर पाच किलोमीटर निघालं. गस्तीवाल्यांना तिथे काहीच सापडलं नाही.

तीन चाळीसला चार. तीन पंचावन्नला तीन.

पाव तासाला एक किलोमीटर... माणूस चालतो त्या वेगाने.

दोष जितका जवळ, तितकं जनित्र जास्त हेलकावतं. फार जवळ आला तर जनित्राचा विजेच्या जाळ्याशी, ग्रिडशी, ताल सुटतो आणि एवढं मोठं धूड स्वतःलाच मोडून घेतं. खाली मशीनपाशी चार माणसं होती. दोन किलोमीटरच्या दोषाला जमीन पायाखाली थरथरली. हवेत तापलेल्या तेलाचा वास आला.

"लोड उतरवतोय," ऑपरेटर पुटपुटला. "खालच्यांना बाहेर काढा... पण साहेब, हे आहे तरी काय?"

मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा लाज जास्त. मी फिटरच्या घरी फोन लावला.

"वहिनी, परमिट त्याने परत केलं नव्हतं. ती सही माझी आहे."



"मला माहीत होतं, भावोजी," त्या म्हणाल्या. "आपलं काम त्यांनी कधी दुसऱ्यावर टाकलं नाही. आता हे लेखी द्या."

चार पंचवीसला दोष एक किलोमीटरवर होता. दिवे मिणमिणले. मी लिहीत होतो. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं येत होतं, पण सगळं लिहिलं आणि मुख्य अभियंत्यांना पाठवून दिलं. मग परमिटच्या वहीत माझी खोटी सही खोडली.

चार चाळीस झाले. लाईन सुटली नाही. जनित्र एका सुरात घुमत राहिलं. ऑपरेटरने घाम पुसला.

मग रेकॉर्डरने आपणहून एक नोंद टाकली. अंतर शून्य नव्हतं. उणे चाळीस मीटर होतं.

उणे म्हणजे दोष लाईनवर नाही, मागे आहे, केंद्राच्या आत. यार्डातल्या मोजयंत्रापासून मागे चाळीस मीटरवर ही खोली येते.

मी वही त्याच्या सहीच्या जागी उघडीच ठेवली, पेन तिच्यावर ठेवलं आणि शेजारची खुर्ची ओढून दिली.

माझी नोकरी गेली, ते योग्यच झालं. चौकशीच्या कागदावरचा शेराही पुसला गेला. ती लाईन पुन्हा कधी सुटली नाही. पण ऑपरेटरचा अजून अधूनमधून फोन येतो. रोज चार चाळीसला एक नोंद पडते, म्हणतो. उणे चाळीस मीटर. ती खुर्ची त्याने अजून हलवलेली नाही.