देव धरील

अब्राम, सांग बरं, बांधकामावर भरवसा कोणावर ठेवायचा? दिवसातून सात वेळा प्रार्थना करणाऱ्यावर, की शिव्या देत फळी ठोकणाऱ्यावर? हसू नकोस. उद्यापासून तू मल्लवीच्या नव्या चर्चवर मुकादम म्हणून उभा राहणार, म्हणून विचारतो. तुम्हीही सरका जवळ, पोरांनो. दिवा असू दे बारीक. आणि चहात साखर हवी तेवढी घाला. मी लाकडाचा व्यापारी, साखरेचा नाही.

बखूम मुकादम माझं जुनं गिऱ्हाईक. उभं आयुष्य मिन्या शहराच्या आसपास चर्च बांधण्यात गेलं त्याचं. माणूस भाविक. अर्ध्याहून जास्त वर्ष उपवासात. मांस नाही, दूध नाही. माझ्याकडून वासे घेताना भावात घासाघीस करायचा, पण आधी क्रूस करून.

त्याच्या हाताखाली लमई नावाचा सुतार होता. तोंडाचा फाटका, हाताचा सोन्यासारखा. आमच्या गावच्या नव्या चर्चच्या घुमटाखाली सगळे टेकू त्यानेच लावले. बिशप येऊन चर्च पवित्र करणार, तारीख ठरलेली. बखूम म्हणाला, "टेकू काढ."

"मुकादम, काँक्रीट कच्चं आहे अजून, तुमच्या डोक्यासारखं. आठवडाभर थांबा."

"बिशप थांबायचे नाहीत. देवाचं घर आहे, देव धरील."

"धरील हो. पण खाली मी उभा असणार ना!"

"मग श्रद्धा ठेव."

लमईने पाचर ठोकून काढली. फळ्यांचा अख्खा सांगाडा खाली आला. घुमट राहिला. लमई राहिला नाही.

चौकशीत बखूमने बायबलवर हात ठेवून सांगितलं, सुतार पिऊन आला होता, न विचारता खाली शिरला. झालं. देवाच्या घरात पिऊन मेला म्हणून चार माणसंही मातीला गेली नाहीत. त्याच्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं. लमईची बायको शफीका रोज बखूमच्या दारात उभी राहायची.

"एवढंच सांगा मुकादम, की तो पीत नव्हता."

"देवाला ठाऊक आहे, बाई," तो म्हणायचा, आणि दार लावून घ्यायचा.

गंमत बघा, ज्या तारखेसाठी घाई केली ती चौकशीपायी पुढेच गेली. प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत.

दोन वर्षांमागची अठरा जानेवारी. सणाची रात्र. जुन्या चर्चमधली उपासना आटोपली, घरोघरी अळकुड्यांचा रस्सा जेवून झाला. बखूम उसाचं कांडं चघळत निघाला. त्याचा दोरीला बांधलेला पितळी ओळंबा नव्या चर्चच्या घुमटाखाली लटकत राहिला होता. बिशप सकाळी येणार. त्याआधी ओळंबा काढून आणायचा, एवढंच काम. पुढचं त्याने स्वतः मला सांगितलेलं.

कुलूप उघडलं. विजेरी लावली.

ओळंबा हलत होता. वारा नव्हता.

त्याने हात लावून थांबवला. वळला.

टक्.

लाकडावर हातोडी पडावी तसं. आत लाकूड उरलंच नव्हतं...

टक्.

"कोण आहे?"

टक्. पाचर सरकली. दिसली नाही. ऐकू आली. वरून बारीक रेती त्याच्या मानेवर पडली.

मग कानाशी लमई बोलला. रागाने नाही. फळी मागावी तसं.

"देव दमला, मुकादम. आता तुम्ही धरा."

बखूमने हात वर केले.

सकाळी तो लोकांना तसाच सापडला. घुमटाखाली, दोन्ही हात वर, डोळ्यांतून धारा. आमचे धर्मगुरू अबूना मत्ता गुडघ्यांवर बसले. "रात्रभर प्रार्थना! अरे, हा संत आहे!"

बखूम ओरडला, "लमईला मी पाठवला! तो प्यालेला नव्हता! मी खोटं बोललो!"

अबूनांना हुंदका आला. "पाहा, पाहा! दुसऱ्याचं पाप अंगावर घेतोय!"

गर्दीतून शफीका पुढे घुसली. "ऐकलंत ना? सगळ्यांनी ऐकलंत ना?"

बायकांनी तिला मागे खेचलं. "गप गं! संतापुढे आपल्या बेवड्याचं काय उगाळतेस?"

चौघांनी ओढले तरी हात खाली येईनात. घरी नेला, तिथेही हात वरच. बायको घास भरवायची. लोक रांगा लावून यायचे, तान्ही पोरं त्याच्या हातांखालून काढायचे. तो खरं ओरडायचा, लोक 'आमेन' म्हणायचे. मी गेलो तेव्हा आवाज बसला होता. मला म्हणाला, "वहबा, जड आहे रे. क्षणभर धर..."

मी नाही धरलं.

गेल्या उपवासात तो गेला. श्वास सुटला आणि हात धपकन पडले. त्याच घटकेला चर्चमध्ये कडाड झालं. घुमटाच्या माथ्यावरून तडा निघाला, खाली आला... आणि थांबला.

थांबला तिथे, शिडी पोचत नाही इतक्या उंच, वाळून दगड झालेल्या काँक्रीटमध्ये दोन तळवे उमटलेत. डाव्याची करंगळी वाकडी. बखूमची होती तशी.

लोक खाली मेणबत्त्या लावतात. दाराशी शफीका उभी असते. येणाऱ्याला सांगते, तो पीत नव्हता. ऐकायला कोणी थांबत नाही.

तेव्हा उद्या कामावर जाशील, अब्राम, तर ज्याचं जे, ते त्याच दिवशी त्याच्याच नावावर मांड. उशिरा खरं बोललं की लोक मेणबत्त्या लावतात, ऐकत नाहीत. हिशोब खरा ठेव, बाळा.