मुक्याची जागा

दोह्याजवळच्या अल वक्राच्या जुन्या बाजारामागे, समुद्राला लागून एक मोकळं मैदान आहे. तिथं दर शुक्रवारी सकाळी सहाला आठ बिगूल आणि सहा ड्रम वाजायला लागले, तेव्हा पहिल्या आठवड्यात समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत येऊन बघायची. तिसऱ्या आठवड्याला कुणी पडदासुद्धा सरकवेना. फुटबॉलचा वर्ल्ड कप महिन्यावर आलेला. त्या दिवसांत दोह्यात कोण काय वाजवील आणि कुणाचा झेंडा तोंडावर रंगवून फिरेल, याचा नेम राहिला नव्हता.

पथकाची कल्पना पोपटरावाची. हा मेसईदला पोलादाच्या यार्डात क्रेन चालवायचा. बायकापोरं कुर्डुवाडीत, आणि हा तीस वर्षं इथं कंपनीच्या खोलीत. इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत चाहत्यांच्या मिरवणुकीचा विषय निघाला, सगळे ढोल-ताशा म्हणायला लागले, तेव्हा हा मागच्या खुर्चीवरून उठला.

"ढोल काय, कुणीबी बडवतंय. बिगुलाला छाती लागती."

मंडळाची सेक्रेटरी गार्गी, तिशीच्या आतली पोरगी. तिनं भाबडेपणानं विचारलं, "काका, बिगूल म्हणजे ते मिलिटरीतलं ना?"

झालं. एवढं विचारायचाच अवकाश होता. अठ्ठ्याहत्तर सालचं सोलापूर त्या एसी हॉलमध्ये येऊन उभं राहिलं.

राजाभाऊ पहिल्या रांगेत बसले होते. खत कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचे इंजिनिअर, वय एकोणसाठ. जे मोजता येतं ते खरं, बाकीचं बायकोच्या, शशिकलाबाईंच्या, पोथीत, असा त्यांचा हिशेब. पोपटरावाची ही गोष्ट त्यांनी चव्वेचाळीस वर्षांत चारशे वेळा तरी ऐकली असेल. दर वेळी त्यांना बुटाची नाडी सुटल्यासारखी वाटायची आणि ते खाली वाकायचे. कारण ही गोष्ट त्यांचीच होती, आणि तिच्यात ते हिरो होते.

"काय दिवस होते म्हणून सांगू," पोपटराव सांगत होता. "शाळेशाळेला पथक. बुटांना खडू लावून पांढरे फेक करायचे, कमरेला लाल पट्टा. डिसेंबरात स्पर्धा लागली की कुर्डुवाडीची पॅसेंजर फुटेस्तोवर भरायची. कुस्तीला जमावी तशी माणसं. बार्शीची पोरं चालण्यात भारी, अक्कलकोटची ड्रमात. आम्ही बिगुलात. नियम असा की सोळा बिगूल पाहिजेतच. आणि आमच्यात वाजवणारे पंधरा."

"मग?"

"मग काय, मुका उभा केला."

गार्गीला कळलं नाही. पोपटरावानं हातातली पाण्याची बाटली ओठाला लावून गाल फुगवून दाखवले. "हे असं. बिगूल धरायचा, गाल फुगवायचे, फुंकायचं नाही. सगळीच पथकं एखादा मुका भरायची. मागच्या ओळीत, डावीकडनं दुसरा. आमचा मुका निवृत्ती. बाप वीटभट्टीवर होता त्याचा. पण बेणं असं, की भट्टीमागं जाऊन चोरून शिकलं. वरचा सूर असा लावायचा की चरणाऱ्या म्हशी माना वर करायच्या. आमच्या बँडमास्तरांनी ऐकलं आणि शेवटचा लांब सूर त्या एकट्याला दिला. मिलिटरीच्या बँडचे साहेबबी त्या दिवशी आलेले, एक पोरगा उचलायला. निवृत्तीचं नाव त्यांच्या कानावर गेलेलं."

इथं पोपटराव नेहमी थांबायचा. आजही थांबला.

"आणि ऐन वेळी पोरानं फुंकलं, तर काय? काही नाही. अख्खं मैदान गप्प. डोळे बाहेर आले त्याचे फुंकून. एक गेला, दोन गेले, आणि तिसऱ्या ठोक्याला आपल्या राजानं पुढच्या ओळीतनं तो सूर उचलला. ढाल आमची. साहेबांनी राजालाच निवडलं. पण हा शहाणा गेला इंजिनिअर व्हायला."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. राजाभाऊ नाडी बांधत होते. बुटाला नाडी नव्हतीच, पण ते कुणी बघितलं नाही.

पोपटरावाला ठाऊक नव्हतं ते एवढंच. आदल्या संध्याकाळी बिगुलांना ब्रासो लावून ते चमकवायचं काम पथकाच्या कॅप्टनचं असे, आणि कॅप्टन राजा होता. सोळाच्या सोळा बिगूल त्याच्यासमोर सतरंजीवर मांडलेले. भट्टीमागचा तो सूर त्यानंही ऐकला होता. ऐकून दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. ब्रासोनं भिजलेल्या फडक्याची एक पट्टी फाडायला कितीसा वेळ लागतो? ती सायकलच्या तारेनं निवृत्तीच्या बिगुलात, नळीच्या वळणापर्यंत सरकवायला त्याहून कमी. स्पर्धा झाल्यावर बिगूल गोळा करायचं कामही कॅप्टनचंच. त्याच तारेनं पट्टी बाहेर आली. ती त्यानं सोलापूर स्टेशनच्या रुळांवर टाकली.

परतीच्या गाडीत निवृत्ती त्याच्या शेजारी येऊन बसला होता. म्हणाला, "तू होतास म्हणून शाळेची अब्रू राहिली, राजा. माझाच दम कमी पडला."

राजानं त्याला शेंगा दिल्या. हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही, शशिकलाबाईंनाही नाही.

पथक उभं राहिलं. बिगूल मेरठहून मागवले. पोपटराव मेसईदहून पहाटेची बस धरून यायचा आणि त्या स्पर्धेचा जुना फोटो हातात घेऊन एकेकाला जागेवर उभं करायचा. आठच बिगूल होते, म्हणून त्यानं सोलापूरच्या रचनेतल्या एका आड एक ओळी काढून टाकल्या. मागची ओळ मात्र तशीच ठेवली.

दुसऱ्या शुक्रवारी शेवटचा सूर लागला आणि पोपटरावाचा हात हवेतच राहिला. "सातच आले. इकबाल, झोपलास काय?"

इकबाल मिरजेचा. घरात तीन पिढ्या लग्नाचा बँड, इथं शाळेची बस चालवायचा. त्यानं बिगूल उलटा करून झटकला. "फुंकलं की काका. आलंच नाही."

"लग्नात बरं येतंय."

"लग्नात बिर्याणी असती, काका."

सगळे हसले. इकबालनं दोन पावलं पुढं येऊन तोच सूर लावला. असा खणखणीत की किनाऱ्यावरचे बगळे उडाले. मागं जाऊन उभा राहिला आणि फुंकलं. काही नाही. त्याच्या जागी दुसरा उभा केला. तोही मुका. त्याचा बिगूल इकबालनं ओळीबाहेर वाजवला, वाजला. मग कुणी हसेना.

मागची ओळ. डावीकडून दुसरी जागा. राजाभाऊंना ती मोजावी लागली नाही.

"इथं वारा समोरून येतो, त्यामुळं असेल," गार्गी म्हणाली. तिलाही ते पटलेलं नव्हतं. "आपण ती जागा मोकळीच सोडू या का?"

"मोकळी कशाला?" पोपटराव म्हणाला. "मुका उभा करू की एखादा. नाहीतरी जागा त्याचीच हाय."

सगळे चहाला टपरीकडे गेले तेव्हा राजाभाऊ मागं राहिले. खिशातून फोन काढून आवाज मोजायचं ॲप लावलं. कारखान्यातल्या मीटरशी ताडून घेतलेलं, एक-दोन डेसिबलचा फरक. ओळीबाहेर नुसत्या लाटांचे बावन्न. मग हात लांब करून फोन त्या जागेवर धरला. आकडा उतरायला लागला. चाळीस. तीस. एकवीसवर थांबला. एकवीस डेसिबल दार-खिडक्या बंद केलेल्या खोलीतसुद्धा मिळत नाहीत, आणि इथं वीस पावलांवर समुद्र फुटत होता.

त्यांनी फोन बंद करून चालू केला. पुन्हा मोजलं. एकवीस.

मग ते स्वतः त्या जागेत शिरले.

लाटा दिसत होत्या, ऐकू येत नव्हत्या. राजाभाऊंनी आपला बिगूल ओठाला लावला आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा फुंकली. ती हवा कुठं गेलीच नाही. नळीत थोडी पुढं सरकली, अडली, आणि तशीच ऊन-ऊन परत तोंडात आली. जिभेवर ब्रासोची चव होती. हे बिगूल आले तेव्हापासून त्यांना ब्रासो लावलेलाच नव्हता.

त्या आठवड्यात त्यांनी कारखान्यात दोन व्हॉल्व्ह चुकीचे कॅलिब्रेट केले. एकतीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच. शशिकलाबाई म्हणाल्या, "ब्लड प्रेशर तपासून घ्या." त्यांनी तेही तपासलं. ठीक होतं.

मिरवणुकीआधीचा शेवटचा शुक्रवार आला. सराव लवकर संपला. त्या जागेत गार्गीनं स्वतः बिगूल धरून, गाल फुगवून उभं राहायचं ठरवलं होतं. पाच मिनिटांतच ती बाहेर आली. "काका, इथं मला माझ्याच पायांचा आवाज येत नाही," म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

पोपटरावानं राजाभाऊंना बाजूला घेतलं. आज त्याचा चेहरा गोष्टी सांगणाऱ्याचा नव्हता.

"राजा, निवृत्तीच्या बहिणीचा नंबर मिळाला. लक्ष्मीबाई. आठवती का? डबा घेऊन यायची त्याचा."

"आठवते."

"काल बोललो. दम्यानं बेजार हाय. डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलंय, म्हणजे समज. मी म्हटलं, मिरवणूक व्हिडिओवर दाखवतो तुला. तर म्हणाली, मला मिरवणूक नको. राजाला एक विचार. आमच्या निवृत्तीचा बिगूल त्या दिवशी का वाजला न्हाई?"

राजाभाऊ नाडी बांधायला खाली वाकले.

"बापानं त्याच दिवशी शाळा सोडवली त्याची. गावानं मुका हेच नाव पाडलं. चौऱ्याऐंशीला गवंडीकाम करायला आखातात गेला तो गेला, चिठ्ठी नाही की चपाटी नाही. म्हातारीला वाटतं, तू कॅप्टन होतास, बिगूल तुझ्या हातनं गेले, तुलाच ठाऊक असणार. मी म्हटलं, अगं, दम कमी पडला त्याचा. तर म्हणाली, फुंकून भट्टी पेटवणाऱ्याचा दम कमी पडंल व्हय?" पोपटरावानं तिचा नंबर राजाभाऊंच्या फोनवर पाठवला. "चार गोड शब्द बोल तिच्याशी. खोटं का असंना. सुखानं जाऊ दे बिचारीला."

"खरंच सांगतो," राजाभाऊ म्हणाले. आवाज अगदी स्वच्छ आला. "पोपट, तू चहा सांग. मी बोलून येतो."

"साखर कमी?"

"हो. कमीच."

त्या जागेपासून मुद्दाम चाळीस पावलं लांब, पाण्याच्या कडेला जाऊन ते उभे राहिले. ओली वाळू, एक फुटकी प्लास्टिकची खुर्ची, दूरवर एक मासेमारीची होडी. लाटा नीट ऐकू येत होत्या. इथं साडेसात, म्हणजे कुर्डुवाडीत दहा. चव्वेचाळीस वर्षांनंतर काय सांगायचं ते त्यांनी मनात जुळवलं नाही. जुळवलं की त्यात राजा चांगला दिसायला लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. नुसतं सांगायचं. पट्टी, तार, रूळ, शेंगा.

नंबर लावला. बऱ्याच वेळानं कुणीतरी उचलला. आधी नुसती धाप.

"हॅलो."

लक्ष्मीबाई, मी राजा बोलतोय, असं राजाभाऊ म्हणाले.

म्हणाले, असं त्यांना वाटलं. जीभ हलली, ओठ हलले, छातीतून हवा निघाली. आवाज आला नाही.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. मग थांबले नाहीत. सगळं सांगितलं. सतरंजीवर मांडलेले सोळा बिगूल सांगितले, फडकं फाडलेलं सांगितलं, तार किती आत गेली तेही सांगितलं. तुमच्या भावाचा दम कमी पडला नव्हता, असं तीनदा सांगितलं. त्यांची मान ताणली गेली, डोळ्यांतून पाणी आलं.

हवा घशापर्यंत येत होती, अडत होती, ऊन-ऊन परत जात होती. जिभेवर ब्रासो.

समोर लाट फुटली. तिचाही आवाज आला नाही.

फोनमधला तेवढा येत होता. पलीकडे पंखा फिरत होता. खाट करकरली.

"निवृत्ती," लक्ष्मीबाई म्हणाली. तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. "बोलू नगंस. मोबाइल घेतल्यापास्नं दर शुक्रवारी फोन लावून आसाच गप राहतुयास, मी कवा काय म्हटलं का?"

राजाभाऊंनी मान हलवली. नाही, नाही, असं ते ओरडले.

ती धापा टाकत थोडा वेळ ऐकत राहिली.

"पर आज तुज्याजवळ आणि कोण हाय रं?" ती म्हणाली. "दोघांचा श्वास येतुया."

राजाभाऊंनी मागं वळून बघितलं नाही.

"आसू दे," लक्ष्मीबाई म्हणाली. "बसा दोघंबी. मी फोन धरून ठिवते."