एकसष्ट टक्के

अडीच वाजता रेकॉर्ड विभागातला फोन खणखणला.

"आहात तशा वर या," अधीक्षक मॅडम म्हणाल्या. "जुने स्कॅन गेले."

"कोणते जुने?"

"पाच वर्षांपूर्वीचे. सगळेच्या सगळे."

रेकॉर्डताईंनी हातातली फाइल मिटली आणि जिने चढायला घेतले. बावीस वर्षं त्यांनी या रुग्णालयाचे कागद सांभाळले होते. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध दुरून नमस्कार करण्यापुरता. पण ज्या विभागात गोंधळ झाला, त्या विभागाच्या माणसाने चौकशी करायची नाही, असा इथला नियम होता. त्यामुळे ही पीडा ताईंच्या गळ्यात पडली.

अधीक्षक मॅडमच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर विभागाचे साहेब आधीच बसलेले होते. घोटीव दाढी, कडक इस्त्री.

"चौकशीत काही शिल्लक नाही," ते म्हणाले. "आज स्टोरेजचं सॉफ्टवेअर अपडेट करायचं होतं. ते चालू असताना एक वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी जुन्या स्कॅनचा अख्खा विभाग उडवायची कमांड दिली गेली. लॉगिन कोणाचं? सावकाशचं. आणखी काय हवं?"

"त्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"इथे. याच खुर्चीत. दीडपासून सव्वादोनपर्यंत. मॅडमना विचारा."

मॅडमनी मान डोलावली. "पाच वाजता समिती बसणार आहे. तोपर्यंत दुसरं काही पुढे आलं नाही, तर त्याला आजच घरी पाठवावं लागेल. एकोणीस वर्षांची नोकरी आहे हो त्याची."

ताईंनी घड्याळ पाहिलं. दोन वाजून चाळीस मिनिटं.

सावकाशचं खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच. कोणतंही काम तो इतक्या बेताने करायचा, की हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. त्याची कामातली जोडीदारीण अगदी उलट, म्हणून तिचं नाव घाई पडलं होतं. दोघं कॉम्प्युटर विभागाच्या बाहेरच्या खोलीत पुतळ्यासारखी बसली होती. काचेच्या भिंतीपलीकडे थंड खोलीत कपाटाएवढं यंत्र गुरगुरत होतं.

"मला काही कळत नाही असं समजून सांगा," ताई म्हणाल्या. "तसं ते खरंच आहे."

घाईनेच सुरुवात केली. "ताई, रुग्णालयाचे सगळे एक्स-रे, सगळे स्कॅन या यंत्रात असतात. त्याला चालवणारे दोन मेंदू, म्हणजे कंट्रोलर. डाव्याचं सॉफ्टवेअर बदलायचं तेव्हा उजवा सगळा भार उचलतो, मग उलट. म्हणजे डॉक्टरांचं काम अडत नाही. हे सगळं त्या काळ्या पडद्यावर एकेक ओळ टाइप करून करायचं. मी कागदावरून कमांड मोठ्याने वाचते, दादा टाइप करतात. मग मी पडद्यावरची ओळ परत वाचते, तेव्हाच दादा एंटर दाबतात. आणि प्रत्येक कमांडनंतर यंत्राची तब्येत विचारणारी एक कमांड. ती दिल्याशिवाय दादा पुढे जातच नाहीत."

"कधीच?"

"मी वैतागते, तरी नाही."

"मग पावणेदोनला काय करत होतात?"

"डावा कंट्रोलर बंद होऊन पुन्हा सुरू होत होता. पंचवीस-तीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात कीबोर्डला हात लावायचा नाही, असा आमचा नियम. आम्ही दोघं काचेपाशी उभं राहून दिव्यांकडे बघत होतो."

"खोलीत तिसरं कोणी आलं?"

"नाही." घाईचा आवाज चिरकला. "तेच तर ना! साहेब म्हणतात, मी दादांना पाठीशी घालतेय."

ताई सावकाशकडे वळल्या. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं.

"तुम्ही दिलीत ती कमांड?"

"आठवत नाही ताई."

"म्हणजे दिली असेल?"

"दिली नाही असं वाटतंय. पण यंत्र खोटं कशाला सांगेल? दहादा तपासून टाइप करणारा मी, आता मलाच माझी खात्री वाटेना. घरी बायकोला काय सांगू, वडिलांना काय सांगू?"

ताईंना त्याचा राग आला आणि दयाही. निर्दोष माणूस स्वतःवर असा शंका घ्यायला लागला, की त्याच्या डोक्यावर खापर फोडणं किती सोपं होतं!

"यंत्राची नोंद दाखवा."

घाईने पडद्यावर यादी आणली. दिलेली प्रत्येक कमांड, तिची वेळ सेकंदापर्यंत.

2:00:00 सगळ्या विभागांची प्रत.
1:31:18 डाव्या कंट्रोलरचं अपडेट सुरू.
1:33:52 तब्येत तपासली.
1:47:00 जुन्या स्कॅनचा विभाग उडवला.
2:01:26 तब्येत तपासली.

"आणि ही सगळ्यात वरची ओळ? 2:00:00?"

"ती पहाटेची. रोज दोनला सगळ्या विभागांची प्रत घेतली जाते. कमांड आधीच लावून ठेवलेली असते, वेळ झाली की आपोआप चालते."

"मग रडता कशाला? काल रात्रीची प्रत काढा की."

"काढली," सावकाश म्हणाला. "रिकामी आहे. प्रती तीस दिवस राहतात, मग पुसल्या जातात. तिसाच्या तीस बघितल्या. बाकी विभाग ठीकठाक, जुन्या स्कॅनच्या जागी प्रत्येक प्रतीत शून्य. साहेब म्हणतात, महिनाभर प्रत घेणंच बिघडलं होतं आणि मी लक्ष दिलं नाही."

ताईंनी टेबलावरची त्याची वही ओढली. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. आजच्या पानावर त्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'अपडेटआधी, 1:20. यंत्रात भरलेली जागा 61 टक्के.' आणि खाली: 'डावा झाल्यावर, 2:04. भरलेली जागा 61 टक्के.'

ताई त्या दोन ओळींकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "जुने स्कॅन म्हणजे किती माल? थोडाथोडका?"

"छे हो. यंत्राचा पाव भाग तरी."

"पाच वाजायच्या आत आणखी दोन प्रश्न." त्या पानं मागे मागे उलटत होत्या. दर सोमवारी एक नोंद. एकसष्ट, एकसष्ट, एकसष्ट. पाच आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी एकोणनव्वद, आणि लगेच पुढच्या सोमवारी एकसष्ट. त्या एकसष्टच्या समासात बारीक अक्षरात एक वाक्य होतं. ताईंनी ते दोनदा वाचलं. "या दोन सोमवारांच्या मध्ये तुम्ही कुठे होतात?"

"रजेवर. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं."

"तुमचा पासवर्ड आणखी कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही. अडीअडचणीला म्हणून एका बंद पाकिटात लिहून साहेबांच्या कपाटात ठेवलाय. विसरलात का? चिकटवलेल्या जागेवर साक्षीदार म्हणून तुमचीच सही आहे."

ताई विसरल्या होत्या. आता आठवलं. त्यांनी वही काखोटीला मारली.

पाच वाजता अधीक्षक मॅडमच्या केबिनमध्ये समिती बसली. समितीत मॅडम आणि दोन ज्येष्ठ डॉक्टर. एका बाजूला साहेब. दाराजवळच्या खुर्चीत सावकाश, घाई त्याच्या मागे उभी. मॅडमसमोर टाइप केलेला कागद तयार होता, फक्त सही बाकी होती.

"बोला ताई."

"मॅडम, माझ्या विभागातून कोणी तीन कपाटं फाइली पळवल्या, तर सकाळी मला पहिल्यांदा काय दिसेल? रिकाम्या फळ्या. आज दुपारी पाव यंत्र उडवलं गेलं म्हणतात. मग यंत्र तेवढं रिकामं व्हायला हवं. आधी एकसष्ट टक्के, नंतरही एकसष्टच. या माणसाने दोन्ही आकडे स्वतःच्या हाताने लिहिलेत. फक्त हातपाय गळाल्यामुळे वाचले नाहीत."

सावकाशने डोकं वर केलं.

"म्हणजे?" एका डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणजे आज जो विभाग उडवला, तो आधीपासून रिकामाच होता. वरची पाटी तेवढी काढली. आत काही नव्हतंच."

"तर्क आहे नुसता," साहेब म्हणाले. "आकडा कधी कधी उशिरा बदलतो."

"साडेचारला पुन्हा बघून आले. एकसष्ट. आणि प्रती रिकाम्या आल्या त्या बिघाडामुळे नाही. बाकीच्या विभागांच्या प्रती धडधाकट आहेत. जुन्या स्कॅनच्या जागी काही नव्हतं, म्हणून प्रतीतही काही आलं नाही. मूळ माल महिन्याहून आधीच गेलेला. ही वही सांगते कधी. पाच आठवड्यांपूर्वी यंत्र एकोणनव्वद टक्के भरलं होतं. पुढच्या सोमवारी एकसष्ट. त्या आठवड्यात सावकाश रजेवर होता."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मग आज कमांड दिली कोणी?"

"आज कोणीच नाही. या यादीतल्या वेळा बघा. अठरा सेकंद, बावन्न सेकंद, सव्वीस सेकंद. माणूस टाइप करतो तेव्हा सेकंद असेच वेडेवाकडे पडतात. प्रत घेण्याची कमांड आधीपासून लावलेली असते, तिची वेळ बरोब्बर दोन वाजून शून्य सेकंद. आणि ही विभाग उडवण्याची? एक सत्तेचाळीस, शून्य सेकंद. ही कोणीतरी आधीच लावून ठेवली होती. अपडेट दीडला सुरू होणार, पावणेदोनला ही दोघं काचेपाशी उभी असणार आणि कीबोर्ड मोकळा असणार, हे माहीत असलेल्या माणसाने. शिवाय त्या ओळीनंतर तब्येत तपासलेली नाही. चौदा मिनिटं! सावकाशने आयुष्यात असं केलेलं नाही."

"लॉगिन मात्र त्याचंच आहे!" साहेबांचा आवाज चढला. "हे कसं विसरता?"

"विसरले नाही. साहेब, ते पासवर्डचं पाकीट आणता का?"

साहेब जागचे हलले नाहीत. मॅडमनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा उठले. पाकीट आलं. ताईंनी ते खिडकीच्या उजेडात धरलं आणि मॅडमपुढे केलं.

"ही माझी सही. अर्धी झाकणावर, अर्धी पाकिटावर. बघा, रेघ जुळत नाही. केसभर सरकली आहे. वाफेवर उघडून पुन्हा चिकटवलेलं आहे हे. आयुष्यभर मी दुसरं काही केलेलं नाही मॅडम, फाइलींची सीलं तपासली."

मॅडमनी पाकीट हातात घेऊन सहीवरून नख फिरवलं.

"आणि हा समास," ताईंनी वही उघडली. "रजेवरून आल्यावर सावकाशने लिहिलंय, 'जागा एकदम मोकळी कशी? साहेबांना विचारलं. म्हणाले, जुना कचरा मीच काढला.'"

साहेबांची इस्त्री जागच्या जागी होती, माणूस मात्र खचला. त्यांनी टेबलाचा काठ धरला.

"जागा संपत आली होती," ते हळू आवाजात म्हणाले. "हा रजेवर. माझ्या लॉगिनला नुसतं बघता येतं, म्हणून पाकीट उघडलं. वाटलं, दुबार ठेवलेल्या फाइली आहेत. एक ओळ टाइप केली. दुसऱ्या दिवशी कळलं काय उडालंय ते."

"तेव्हा प्रती होत्या की!" मॅडम जवळजवळ ओरडल्या. "तीस दिवस होत्या! परत का नाही आणलं?"

"मला येत नाही." साहेबांनी मान खाली घातली. "उडवायला एक ओळ लागते. परत आणायला चाळीस. ते फक्त याला येतं. याला सांगायचं म्हणजे पाकीट फोडल्याचं कबूल करायचं. विभागप्रमुख मी. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिलो. इतके जुने स्कॅन महिनाभर कोणी मागितलेही नाहीत. मग तीस दिवस संपले."

"आणि मग याच्यावर ढकललंत."

मॅडमनी समोरचा टाइप केलेला कागद उभा फाडला. "तुम्ही उद्यापासून कामावर येऊ नका," त्या साहेबांना म्हणाल्या. "बाकीचं पोलीस बघतील." मग सावकाशकडे वळल्या. "तुमची माफी कोणत्या तोंडाने मागू?"

घाईने हुंदका दिला आणि दादांचा खांदा घट्ट धरला. पण सावकाशला सुटल्याचा आनंद झाला नव्हता. तो उठून साहेबांच्या समोर जाऊन उभा राहिला. हजारो माणसांची जुनी दुखणी त्या यंत्रातून कायमची गेली होती आणि ती आता कोणालाच आणता येणार नव्हती.

"साहेब," तो म्हणाला, "मी रजेवरून आलो तेव्हा प्रती पुसल्या जायला चोवीस दिवस बाकी होते. अर्ध्या तासाचं काम होतं. मी कोणाला सांगितलंही नसतं हो."