सातव्या खिळ्यावरचा बिल्ला

लव्हडे ट्रेवेनानं दार उघडलं ते बोलतच. "बाबांचा बिल्ला गेला. कुणी नेला तेवढं सांगा."

खाजगी गुप्तहेर मिला वुकोविच आत शिरली. मागून तिचा मित्र, दातांचा डॉक्टर हार्लन, धापा टाकत आला. कॉपर फोर्क या खाणगावाचा चढ त्याला कधीच मानवला नव्हता.

ट्रेवेनांचा बार गावातल्या पहिल्या खाणीइतका जुना. काउंटरमागच्या भिंतीवर ओळीनं सात खिळे होते. सातव्यावर लव्हडेच्या वडिलांचा, डिगरी ट्रेवेनाचा, खाणीतला पितळी बिल्ला असायचा. १९१७ साली खाणीचं छत कोसळलं, तेव्हा डिगरी वर आला, बिल्ला टांगला आणि गरोदर बायकोला टाकून पळाला, असं गाव म्हणायचं. लव्हडे तेव्हा आईच्या पोटात होती. आता तिचे केस पिकले होते आणि उद्या मृतांच्या स्मारकाचा दगड कोरला जाणार होता. त्यावर डिगरीचं नाव नव्हतं.

"बाकीचे खिळे कशाला?" मिलानं विचारलं.

"बिअरचे पेले टांगायला असतील."

मिलानं एक पेला अडकवला. खिळा आखूड होता. पेला घसरून हार्लनच्या हातात पडला.

"रिकामा आहे," तो खट्टू होऊन म्हणाला.

लव्हडेच्या थोरल्या भावाचा मुलगा जेगो वैतागलेलाच होता. "मी कशाला नेऊ? पण गेला ते बरं झालं, आत्या. येणारा प्रत्येक जण बोट दाखवून हसतो."

स्मारक समितीचे व्हिटलॉक ताठ बसले होते. "तो बिल्ला आमचा पुरावा. कंपनी बिल्ल्यांवरून माणसं मोजायची. बिल्ला वर, म्हणजे माणूस वर. डिगरीला कुणी शोधलंसुद्धा नाही."

तिसरा संशयित एनो, सकाळी शेगडी पेटवायला येणारा म्हातारा खाणकामगार. त्याचे गुडघे हिरवट मातीनं माखले होते.

"एनो, तुमचे वडील त्या दिवशी वाचले ना?" मिलानं विचारलं.

"सहा जण वाचले. खाणीच्या जुन्या, उभ्या विहिरीतून चढून आले म्हणे."

"वर आल्यावर पहिलं काय करायचं?"

"बिल्ला खिळ्यावर. पाणीसुद्धा नंतर."

मिला लव्हडे आणि हार्लनला घेऊन तळघरात उतरली. बर्फ नसूनही तिथे हुडहुडी भरत होती. हार्लननं पाइप पेटवायला काडी ओढली, विझली. दुसरीही विझली.

"आई चर्चला जायची नाही," लव्हडे म्हणाली. "रविवारी इथेच बसायची. म्हणायची, पिंपं मोजते."

मिला बराच वेळ पिंपांकडे बघत राहिली. मग तिनं बाकीच्यांना खाली बोलावलं.

"सहा वाचले, सातवा डिगरी. खिळेही सात. कंपनीच्या फळ्यावर टांगायचे बिल्ले बारमध्ये का टांगले? कारण माणसं इथूनच वर आली. काड्या विझवणारा वारा पिंपांमागून येतोय, खाणीतून. तुमच्या गुडघ्यांवरची हिरवी माती तिथल्याच तांब्याची. बरोबर ना, एनो?"

एनोनं मान खाली घातली. "तांबं चोरायची वाट होती. डिगरीनं खणलेली. कळलं असतं तर बार गेला असता आणि सगळे तुरुंगात. तुझ्या आईनं शपथ घातली, लव्हडे. सहा जण बिल्ले उचलून विहिरीकडे गेले, तिथूनच वर आल्याचं दाखवायला."

"आणि डिगरी?" हार्लननं विचारलं.

"बिल्ला टांगला," मिला म्हणाली. "आणि परत आत गेला. बिल्ला वरच राहिला. म्हणून त्याला कुणी शोधलं नाही."

"मागे राहिलेल्या कुणाचे तरी खालून ठोके ऐकू आले होते, म्हणून तो गेला," एनो पुटपुटला. "वडील मरताना बोलले. बिल्ला भिंतीवर असेतो तो पळालेलाच ठरणार. म्हणून त्याचा त्याला देऊन आलो."

त्यांनी पिंपं सरकवली. बोगद्यात थोडं आत, ढासळलेल्या दगडांपाशी, दोन सांगाडे होते. एकाचा हात दुसऱ्याच्या पट्ट्यात घट्ट अडकलेला. ज्याचा हात होता, त्याच्या छातीवर पितळ चमकत होतं.

व्हिटलॉकनी हॅट काढली. हार्लननं पाइप खिशात घातला. लव्हडेनं जन्मभर रस्त्याकडे डोळे लावले होते आणि बाप तिच्या पायाखाली होता.

ती गुडघ्यांवर बसली. "आई पिंपं मोजत नव्हती," ती म्हणाली.

"आत्या," जेगो दबक्या आवाजात म्हणाला, "ही चोरीची वाट. बाहेर कळलं तर कंपनी बारवर हक्क सांगेल."

"सांगू दे. आईनं बार राखला, मी बाबांना राखते. जा, दगड कोरणाऱ्याला बोलाव."