लाटांत उतरलेली सांडणी

"अगं ए! तुझी सांडणी माझी तारली खातेय!"

झुवैनाने वळून पाहिलं. वाळूच्या टेकड्या जिथे थेट ओमानच्या समुद्रात उतरतात, तिथे त्यांचा तांडा नुकताच टेकला होता. खजुराची ओझी उतरवायच्या गडबडीत तिची लाडकी सांडणी फर्हा निसटली होती आणि वाळत घातलेल्या मासळीवर मजेत ताव मारत होती. शेजारी एक उन्हाने रापलेला तरुण कमरेवर हात ठेवून उभा.

"मग राखण करायची!" ती म्हणाली. "की तुम्हा समुद्रवाल्यांना उभ्याउभ्या झोप लागते?"

"झोप नाही... मी तांड्याकडे बघत होतो."

"तांड्याकडे?"

"म्हणजे... तांड्यात जे दिसलं त्याच्याकडे," तो म्हणाला आणि कानांपर्यंत लाल झाला.

त्याचं नाव मुसल्लम. खजुराच्या बदल्यात सुकी मासळी भरून होईपर्यंत तांडा तिथेच राहिला आणि झुवैना विहिरीवर गेली की मुसल्लमला नेमकी तेव्हाच तहान लागू लागली.

"पुन्हा पाणी? इतकी वर्षं काय पीत होतास रे?"

"इतकी वर्षं तहान कुठे कळली होती?"

तिने ओढणी दातांत धरली. हसू लपवत ती घागर उचलून निघाली.

तिचा बाप हमूद, तांड्याचा म्होरक्या. ही तहान त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. "मासेवाल्याच्या घरात माझी पोर? अंगाचा वास तरी जाईल का त्याच्या! उद्या सकाळीच निघायचं."

सकाळी ओझी लादली गेली. पण तोवर समुद्र उसळला होता. पहाटेच मासेमारीला गेलेली मुसल्लमची होडी परतताना लाटांत सापडली, डोलकाठी मोडली. मुसल्लम होडीचा दोर कमरेला बांधून पोहत आला; त्याचा म्हातारा बाप खल्फान मात्र होडीतच अडकला होता. दोर कसाबसा कंबरभर पाण्यापर्यंत पोचला. माणसं जीव खाऊन ओढत होती, पण पाय ठरत नव्हते. होडी खडकांकडे सरकत चालली...

झुवैनाने फर्हाच्या पाठीवरची ओझी भराभरा सोडून दिली.

"वेडी झालीस का? उंट लाटांत जात नाही!" हमूद ओरडला.

"माझ्यामागे येईल, बाबा!"

पहिल्या लाटेला फर्हा बुजली, मान झटकून मागे हटली. झुवैनाने वेसण घट्ट धरली आणि वाळूतल्या चढावर म्हणायचं गाणं मोठ्याने सुरू केलं. लाट अंगावर फुटली, खारं पाणी तोंडात गेलं, तरी गाणं थांबलं नाही. आणि फर्हाने एक पाय पाण्यात टाकला... मग दुसरा!

मुसल्लमने खोगिराला दोर आवळला. त्याचे तळहात सोलवटले होते. "झुवैना, तुला काही झालं तर—"

"नंतर बोल! आधी ओढ!"

फर्हा किनाऱ्याकडे वळली, मान पुढे काढून जोर लावू लागली. दोर ताणला, कुरकुरला. हमूदही पाण्यात धावला आणि मुसल्लमच्या खांद्याला खांदा लावून ओढू लागला. एक प्रचंड लाट आली, आणि होडी म्हाताऱ्यासकट वाळूवर येऊन आदळली! किनारा आरोळ्यांनी दणाणून गेला.

दुपारी खल्फान लंगडत हमूदच्या तंबूत आला. हमूदने कॉफी पुढे केली. म्हाताऱ्याने कप घेतला आणि न पिता तसाच खाली ठेवला. पाहुण्याने कॉफी न पिता ठेवली म्हणजे तो काहीतरी मागायला आलाय; मागणं मान्य झालं तरच तो ती पिणार.

"हमूदभाई, जीवदान तर तुमच्या पोरीने दिलंच. आता पोरगीच द्या."

हमूदने दाराकडे पाहिलं. तिथे ओलेत्या कपड्यांत मुसल्लम उभा होता. "वाळवंटात राहशील?"

"खजूर पिकतील तेव्हा तुमच्या बागेत, एरवी इथे. ती म्हणेल तसं."

"झुवैना, तू काय म्हणतेस?"

तंबूच्या पडद्याआडून आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा: "बाबा... खल्फानचाचांची कॉफी गार होतेय."

हमूद खदखदून हसला. "प्या हो, प्या!"

म्हाताऱ्याने एका घोटात कप रिकामा केला, आणि बाहेर बायकांच्या आनंदाच्या किलकाऱ्या समुद्राच्याही वर गेल्या.