दारातली वत्सला

नवऱ्याच्या कंपनीने त्याला कोलकात्याला पाठवलं तेव्हा मीनाक्षीची लेक कादंबरी तीन वर्षांची होती. आता तिला तेरावं लागलं होतं. शाळेत बंगाली, लिफ्टमध्ये हिंदी, आणि घरात आईशी ती जे बोलायची त्याला मराठी म्हणायचं ते केवळ मायेपोटी. भाषेबरोबर लेकही हातची जाईल, ही मीनाक्षीची खरी धास्ती होती. म्हणून दर शनिवारी शाळा सुटली, जेवणं आटोपली, की सॉल्ट लेकच्या त्या फ्लॅटमध्ये मायलेकी 'वत्सलेचं घर' ही जुनी मराठी मालिका लावून बसत.

मालिकेच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता. पुण्याची अश्विनी तो चालवायची. एकेक प्रसंग थांबवून ही मंडळी त्याचा कीस पाडत. वत्सला दबलेली असते तेव्हा मागच्या खिडक्या बंद का, ती धीट होत जाते तशा साड्या गडद का होतात, एक ना दोन. "दिग्दर्शकाला एवढं सुचलं असतं, तर त्याने आणखी चांगली मालिका काढली असती," असं मीनाक्षीचा नवरा श्यामकांत म्हणायचा.

सगळ्यात जास्त वाद शेवटच्या प्रसंगावर व्हायचा. वत्सला सासर कायमचं सोडते. दारात पाठमोरी उभी राहून म्हणते, "येते." घरातलं कुणीही तिला "ये" म्हणत नाही. अकरा सेकंद नुसती शांतता, आणि मग ती निघून जाते. तिचा चेहरा दिसतच नाही.

त्या शनिवारी तो प्रसंग आला. खाली रस्त्यावर ऑटोवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता. वत्सला म्हणाली, "येते."

"मा, ही कुठे येते?" कादंबरीने विचारलं. "इथे?"

निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे पोरीला कुणी शिकवलंच नव्हतं. मीनाक्षीला हसू आलं. ती समजावून सांगणार, तोच लेक टीव्हीकडे बघत लाडात म्हणाली, "ये ना, ये!"

वत्सला वळली.

मीनाक्षीने हा प्रसंग चौदा वेळा पाहिला होता. वत्सला कधीच वळत नाही. चेहरा तसा साधाच होता, पण नजर समोर नव्हती. सोफ्याच्या ज्या कोपऱ्यात कादंबरी शाळेच्या निळ्या स्कर्टमध्येच बसली होती, बरोबर तिकडे होती. मग दार रिकामं झालं.

"इतक्या वर्षांनी कुणीतरी 'ये' म्हटलं," शेजारून आवाज आला, "बिचारीला भरून आलं असेल, नाही का गं आई?"

आवाज कादंबरीचाच होता. 'भरून येणं' मात्र तिच्या मराठीत नव्हतं. 'आई'सुद्धा नव्हतं.

आठवडाभर पोरगी अस्खलित मराठी बोलली. न सांगता कढीला फोडणी दिली. "बघ, तुझ्या मालिकेला अखेर फळ आलं!" श्यामकांत खूश होऊन म्हणाला. मागितलं ते पदरात पडलं होतं, आणि मीनाक्षीला स्वतःच्या लेकीची भीती वाटत होती.

पुढच्या शनिवारी दुपारी अश्विनीचा मेसेज आला. 'शेवटचा प्रसंग परत बघ! वत्सलेच्या जागी दाराबाहेर एक मुलगी उभी आहे, शाळेच्या निळ्या स्कर्टमध्ये. इतकी वर्षं आपल्या नजरेतून सुटली कशी? मला वाटतं, हे वत्सलेचं हरवलेलं बालपण. किती सुंदर प्रतीक!' खाली चाळीस जणांनी बदाम टाकले होते.

मीनाक्षीने प्रसंग लावला.

कादंबरी दाराबाहेर उभी होती. आत बघत होती. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मीनाक्षी सोफ्यावरून उठली आणि टीव्हीच्या अगदी जवळ गेली. सेकंद सरत होते...

"ये," ती पुटपुटली. "ये गं बाळा... ये..."

"आले हं, आई!" स्वयंपाकघरातून लगेच उत्तर आलं. ओले हात पुसत ती आली आणि मीनाक्षीला खेटून उभी राहिली.

पडद्यावर कुणीतरी आतून दार लावून घेत होतं.