लाल वाळू, पांढरी चढण

"एकदा धावत येऊन या फरशीवर घसरून दाखवा," काउंटरमागचा मुलगा हिंदीत म्हणाला.

नौशीनने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. म्हणजे हे तिलाच उद्देशून होतं.

"कशाला?"

"तुमचा कुठला पाय आपोआप पुढे जातो ते बघायचंय. त्याप्रमाणे बोर्डवर पायांच्या पट्ट्या बसवायच्या."

"आणि पडले तर?"

"तर तेही कळेल."

बाहेर सप्टेंबरचं ऊन दुबईला भाजून काढत होतं आणि इथे मॉलच्या पोटात, काचेपलीकडे, एक अख्खा बर्फाचा उतार पांढराशुभ्र पसरला होता. नौशीन वीस वर्षांची, शारजात कॉलेजला, राहायला अल मनखूलमध्ये. मैत्रिणीच्या वाढदिवसाला आली होती खरी, पण बाकीच्या हॉट चॉकलेटच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि हिचे पाय सरळ स्नोबोर्ड भाड्याने देणाऱ्या या काउंटरकडे वळले. का, ते विचारू नका. तिलाही माहीत नव्हतं.

तिने ओढणी कमरेला खोचली, चार पावलं धावली आणि मोज्यांवर सर्रकन घसरली. उजवा पाय पुढे.

"उजवा," तो म्हणाला. "शंभरात तीस जण असतात असे."

"चांगलं की वाईट?"

"वेगळं," तो म्हणाला, आणि उगाचच बुटांच्या कपाटाकडे वळला.

तेवढ्यात अम्मीचा फोन आला. "नाही गं अम्मी, पडत नाहीये... हो, हो, पाच मिनिटांत निघते."

"पाच मिनिटं सांगू नका," कपाटातून मराठीत आवाज आला. "दोन तास सांगा."

नौशीनने फोन खाली घेतला. "तुम्ही मराठी?"

"रत्नागिरी. राजिवडा." त्याने छातीवरची पाटी सरळ केली. ओवेस, असं लिहिलं होतं. "बुटाचा नंबर?"

"अडतीस."

त्याने ऐकलंच नाही. एक मोजपट्टी जमिनीवर ठेवली, तिचं पाऊल मोजलं. "साडेतेवीस सेंटिमीटर. बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि टाच अजिबात उचलता कामा नये."

"घट्ट होतोय."

"होऊ दे. सैल बुटात तुम्ही वळाल आणि बोर्ड विचार करत बसेल." मग जरा थांबून, "वजन?"

नौशीनने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्याने मुकाट्याने कॅल्क्युलेटर तिच्यासमोर सरकवला आणि स्वतः छताकडे बघत उभा राहिला. तिने आकडा दाबला. त्याने एक नजर टाकली, चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही आणि फळीवरून एकशे सेहेचाळीस सेंटिमीटरचा बोर्ड काढला.

"वजन विचारून वर बघायची सवय आहे वाटतं?"

"नोकरीत पहिलं हेच शिकवतात."

त्या दिवशी ती एकोणीस वेळा पडली. विसाव्यांदा पडली नाही, आणि खलास... तिथेच काहीतरी झालं.

आता नौशीनबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. घरात तिची ख्याती होती. पोहण्याचा क्लास अकरा दिवस. कीबोर्ड एक टर्म. अरबी सुलेखन, चार तास आणि एक शाईची बाटली, जिचा डाग हॉलच्या गालिच्यावर अजून आहे. तिचे अब्बा, मोहिद्दीन, हमरिया फ्री झोनमध्ये पाइप, वॉशर आणि सील करायच्या टेपांचा व्यापार करत. ते कधी रागवायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, "ठीक आहे बाळा, पुढचं काय?" आणि त्या 'पुढचं काय'नेच तिला सगळ्यात जास्त लागायचं.

पण हे ती सोडत नव्हती. दर शनिवारी आणि मंगळवारी ती त्या उतारावर हजर, आणि ड्युटी संपली की ओवेस शिकवायला. डिसेंबरपर्यंत ती वरपासून खालपर्यंत न पडता वळणं घेत यायला लागली आणि ओवेस 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला लागला. मधेच विसरून परत 'तुम्ही'वर जायचा. ती मात्र एकदाही विसरली नाही.

एके दिवशी तो मोबाईल घेऊनच आला. कुणी गोरा कायमचा मायदेशी चालला होता आणि त्याने घरातलं सगळं विकायला काढलं होतं. सोफा, कॉफी मशीन आणि दोन स्प्लिटबोर्ड.

"हा मधोमध सुटतो," ओवेसने दोन्ही तळवे जोडले आणि वेगळे केले. "दोन भाग, दोन पायांना. खाली फरसारख्या पट्ट्या चिकटवायच्या. स्किन म्हणतात त्यांना. पुढे सरकतात, मागे घसरत नाहीत. लिफ्ट नाही, रांग नाही. ज्या डोंगरावर कुणी गेलं नाही तिथे आपल्या पायांनी चढायचं. वर पोचलं की दोन्ही भाग जोडायचे आणि..." तळवे पुन्हा एकत्र आले. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

नौशीनही बघत राहिली. तळव्यांकडेच, असं ती म्हणेल.

"तू गेलायस असा?"

"माझा स्प्लिटबोर्ड खोलीत आहे," तो म्हणाला. तिला तेव्हा लक्षात यायला हवं होतं, की हे काही उत्तर नव्हे.

दोघं बोर्ड बघायला गेले. एक लांबलचक, त्यावर झकास सूर्यफुलं. दुसरा आखूड, ओरखड्यांनी भरलेला.

"सूर्यफुलंवाला," नौशीन म्हणाली.

"तो तुझ्यापेक्षा वीस किलो जड माणसाचा आहे. खोल बर्फात तो तुला वळवेल, तू त्याला नाही."

"पण दिसतो किती—"

"डोंगर फोटो काढत नाही, नौशीन."

तिने ओरखड्यांचा घेतला. अब्बांनी किंमत ऐकली, "अठराशे दिरहम, म्हणजे त्रेचाळीस हजार," असं मोठ्याने म्हटलं आणि चष्मा पुसला.

"जॉर्जियाला जायचंय अब्बा. फेब्रुवारीत. तीन तासांचं विमान, व्हिसा पण लागत नाही. गाइड आहे, बाई आहे, तिचा दाखला आहे. वर एक खिंड आहे, तिथवर चढायचं आणि उतरायचं."

"आणि हा बुटांवाला मुलगा?"

"तोही येतोय. तुम्हीही चला."

अब्बांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मी येईन. पण एक सांग, अर्ध्यातून परत आलीस तर?"

"तर मी स्वतःच म्हणेन, पुढचं काय. तुम्हाला म्हणायची गरज नाही."

जानेवारीत सराव सुरू झाला. दुबईत चढायला बर्फाचा डोंगर कुठून आणणार? मॉलमधल्या त्या उतारावर तर चालत वर जायला बंदी. तेव्हा ओवेसला कल्पना सुचली. "लहबाबच्या वाळवंटातली लाल वाळू. चढण ती चढण."

सकाळच्या नमाजानंतर अब्बांची गाडी निघायची. अब्बा घडीची खुर्ची मांडून, थर्मासमधला कडक चहा घेऊन बसायचे आणि समोर ही दोघं बोर्डचे भाग पायांना बांधून वाळूची टेकडी चढायची. एक उंट दर वेळी त्यांना बघायला थांबायचा.

"चाचा, कसं दिसतंय?" ओवेस वरून विचारायचा.

"उंट हसतोय," अब्बा खालून सांगायचे.

पाच शनिवारांत तिचे पाय दगडासारखे झाले. सराव संपला की दोघं स्किन झटकायचे, चिकट बाजू चिकट बाजूला लावून घडी घालायचे आणि पिशवीत टाकायचे. घडी घालताना बोटं बोटांना लागायची... आणि दोघांपैकी कुणीच घाई करायचं नाही.

जॉर्जियात फेब्रुवारीची सकाळ उणे अकराची होती. नातिया नावाची गाइड, गालांवर उन्हाचे चट्टे, आवाज शाळेच्या बाईंसारखा. तिने दोघांची बीकन तपासली, म्हणजे बर्फाखाली गाडलं गेलं तर शोधून काढणारी ती छोटी यंत्रं. फावडी मोजली. मग घड्याळावर बोट ठेवलं.

"साडेअकरा," ती इंग्रजीत म्हणाली. "तेव्हा जिथे असाल तिथून परत. नंतर ऊन उतार सैल करतं. रडलात तरी परत."

दरीच्या तोंडाशी चहाची एक लाकडी खोली होती. अब्बा तिच्या ओट्यावर दोन जॅकेटं घालून बसले. निघताना त्यांनी नौशीनच्या पिशवीत गुपचूप टेपचा एक रोल सरकवला. त्यांच्याच गोदामातला, पाइपाला गुंडाळायचा.

"अब्बा, डोंगराला गळती नाहीये."

"असू दे. जड आहे का?"

पहिला तास स्वर्ग होता. पायाखाली सुर्र... सुर्र... आणि बाकी सगळं शांत. पावणेअकराला नौशीनचा डावा पाय मागे सटकला. तिने वाकून पाहिलं. स्किन बोर्डच्या शेपटीकडून, मागच्या टोकाला, सुटून लोंबत होती. परत दाबली, दहा पावलांत परत सुटली. मागे ओवेसचीही सुटली, दोन्ही.

नातियाने स्किन उलटी केली, त्यावर बोट फिरवलं आणि बोट उन्हात धरलं. बोटावर लाल कण चमकत होते.

"हे काय आहे?"

"वाळू," नौशीन हळूच म्हणाली.

"वाळू? डोंगरात?"

"वाळवंटात सराव केला. पाच शनिवार."

बावीस वर्षं लोकांना डोंगरात नेणाऱ्या नातियाने बोट जॅकेटला पुसलं. "असं मी कधी पाहिलं नाही," ती म्हणाली. "गोंदात वाळू गेली की थंडीत तो धरत नाही. इथून परत."

ओवेस बर्फातच बसला. चेहरा पार उतरलेला. "चूक माझी," तो म्हणाला. "मला माहीतच नव्हतं. नौशीन... मी कधी मोकळ्या आकाशाखाली बर्फ पाहिलाच नव्हता. कालपर्यंत. माझा बोर्ड वर्षभर भिंतीला टेकून आहे. मला जे येतं ते सगळं त्या छताखालचं. तुला सांगायचं होतं, पण तू माझं इतकं ऐकायचीस, की..."

नौशीनला राग आला. खराखुरा. मग वर पाहिलं तर खिंड दिसत होती, निळ्या आभाळात कापलेल्या डोंगराच्या दोन खांद्यांमधली जागा. आणि खाली, दूर, ओट्यावर एक ठिपका. दोन जॅकेटं घातलेला.

"रागवायला वेळ नाही," ती म्हणाली. "नंतर रागवेन. किती वाजले?"

"दहा पन्नास," नातिया म्हणाली.

"साडेअकरापर्यंत चढायचं, असंच ठरलंय ना? मग चाळीस मिनिटं माझी आहेत."

तिने पिशवीतून अब्बांचा रोल काढला. दातांनी टेप तोडली. स्किन पुसून दाबली आणि बोर्डसकट वरून टेप गुंडाळली. पुढे, मधे, शेपटीला. मग ओवेससमोर गुडघ्यावर बसली. "पाय."

"अगं, मी करतो—"

"टाच हलता कामा नये," ती म्हणाली.

तो हसला नाही. पण पाय पुढे केला.

नातियाने टेप ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. "साडेअकरा," एवढंच म्हणाली आणि पुढे निघाली.

टेपमुळे बोर्ड नीट सरकत नव्हता. प्रत्येक पाऊल उचलून टाकावं लागत होतं. श्वास आत जाताना टोचत होता. नौशीन मोजत होती. पोहण्याचे अकरा दिवस, अकरा पावलं. कीबोर्डची एक टर्म, शंभर पावलं. सुलेखनाचे चार तास... मग आकडे संपले आणि नुसते पाय उरले. दोनदा टेप झिजून तुटली, दोनदा तिने नवी लावली. मागून ओवेसचा श्वास येत होता, आणि मधूनच अरबीतलं 'चल'. "यल्ला... यल्ला, नौशीन..."

अकरा सव्वीसला चढण संपली.

पलीकडे डोंगरांमागे डोंगर होते. नौशीनने टेप सोडवली, स्किन काढल्या. बोर्डचे दोन्ही भाग तिने जोडले, खटका दाबला. टक्.

"नौशीन," ओवेस म्हणाला. हातमोजा काढला, परत घातला. "रागवायची आहेस ना, त्याआधी एक... म्हणजे, तू जेव्हा त्या फरशीवर घसरलीस ना, तेव्हापासूनच मी—"

"थांब." तिने हात वर केला. "मला आवडतोस तू. ते मी केव्हाच ठरवलंय. तुझ्या वाळूसकट. पण पुढचं मला नको सांगूस. मी वरपर्यंत आले, आता तू खालपर्यंत जा. अब्बा ओट्यावर बसलेत."

ओवेसने खाली पाहिलं. ठिपक्याकडे. त्याच्या चेहऱ्याचा रंग बर्फाला मिळाला.

"एका वेळी एकच," नातिया म्हणाली. "पहिलं कोण?"

नौशीन आधीच वाकली होती. उजवा पाय पुढे.

बर्फ कापसासारखा उडाला. तिच्या आधी तिथे एक रेघही नव्हती. तिने वळण घेतलं, मग दुसरं, आणि ओरखड्यांचा तो आखूड बोर्ड सांगेल तसा वळत गेला. ती ओरडत होती की हसत होती, ते वाऱ्यालाच माहीत.

ओट्यापाशी ती थांबली तेव्हा अब्बा उभे होते. त्यांनी तिच्या बुटांवर अडकलेला टेपचा तुकडा काढला, निरखला, नीट घडी करून खिशात ठेवला. 'पुढचं काय' म्हणाले नाहीत.

मग दोघं वर बघायला लागले. ओवेस निघाला होता. पहिल्या वळणावर पडला. उठला. दुसऱ्यावर पडला.

"हा तर शिकवतो ना तिथे?" अब्बांनी डोळ्यांवर हात धरला. "मग इतका का पडतोय? उताराला घाबरला?"

"उताराला नाही, अब्बा."

"मग?"

"तुम्हाला."

अब्बांनी तिच्याकडे पाहिलं. मग वर, त्या उठणाऱ्या, पडणाऱ्या, तरी खालीच येणाऱ्या मुलाकडे. थर्मासचं झाकण उघडलं, आतून वाफ आली.

"राजिवड्याचा म्हणालीस ना?" ते म्हणाले, आणि शेजारची दुसरी खुर्ची ओढून त्यावरचा बर्फ हाताने झाडला.